गुऱ्हाळावर भाजलेली मुलगी आणि परदेशातील मोफत उपचार : सांगली जिल्ह्यातील एक प्रकरण

रुग्णांना कागदपत्रे आणि सरकारी योजनांसाठी मदत करणाऱ्या सांगलीतील एका छोट्या संस्थेकडे आलेले हे प्रकरण आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाची, रुग्णालयांची आणि माणसांची नावे वगळली असून, निर्णयांवर परिणाम न करणारे काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मुलीचे कुटुंब जत तालुक्याच्या पूर्व भागातले. तिकडे पावसाची शाश्वती नसल्यामुळे दिवाळी झाली की अनेक घरांना कुलूप लागते आणि माणसे वारणा-कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात कामाला उतरतात. कोणी ऊसतोडीच्या टोळीत, कोणी वीटभट्टीवर. हे कुटुंब काही वर्षांपासून शिराळा तालुक्यातील एका गुऱ्हाळावर जात असे. वडील जळव्या, म्हणजे चुलवाणात चिपाड घालून जाळ सांभाळणारे, आणि आई चिपाड वाळत घालण्यापासून ढेपा उचलण्यापर्यंत पडेल ते काम करणारी. हंगामाआधी मालकाकडून उचल घ्यायची, ती हंगामभर फेडायची आणि गुऱ्हाळालगतच्या खोपटात राहायचे, असा दरवर्षीचा क्रम होता. आजी जतच्या घरी राहत असे. मुलगी पाच वर्षांची होती आणि तिच्या पाठीवरचा भाऊ तेव्हा काही महिन्यांचा होता.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी गुळव्याने गूळ तयार झाल्याची खूण केली आणि चौघांनी काहील कलती करून तो गार होण्यासाठी वाफ्यात ओतायला सुरुवात केली. त्याच वेळी खेळता खेळता मुलगी वाफ्याच्या काठावर घसरली. काहिलीतून उतरलेला पाक उकळत्या पाण्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो आणि पाण्यासारखा ओघळून न जाता कातडीला चिकटून बसतो, त्यामुळे तो थोडा जरी अंगावर पडला तरी जखम खोल होते. हनुवटी, गळा, छातीचा वरचा भाग, उजवी काख आणि दंड एवढा भाग भाजला. आजूबाजूच्या माणसांनी घाबरून अंगावरचा फ्रॉक ओढून काढला आणि गुळासोबत कातडीही निघाली. जवळ पाण्याची टाकी भरलेली होती. वीस मिनिटे नुसते गार पाणी ओतत राहिले असते तर जखमेची खोली काही प्रमाणात तरी कमी राहिली असती, पण हे तिथे कोणालाच माहीत नव्हते.

पहिले उपचार तालुक्याच्या गावातील एका खासगी दवाखान्यात झाले. मालकाने बिल भरले आणि ते उचलीत मांडले. तीन आठवड्यांनी उचलीचा आकडा पाहून वडिलांनीच घरी सोडण्याची विनंती केली, तेव्हा गळ्याची आणि काखेची जखम उघडीच होती. पुढचे अडीच महिने प्राथमिक आरोग्य केंद्रात पट्टी बदलणे एवढाच उपचार चालला. जखम भरली, पण तिथे कातडी लावलेली नसल्यामुळे कडेची कातडी आकसत आकसत ती भरली. गळा भाजलेल्या मुलाच्या डोक्याखाली उशी द्यायची नसते, उलट खांद्याखाली गुंडाळी ठेवून मान मागे ताणलेली ठेवायची असते, हे आईला कोणी सांगितले नव्हते. मान खाली घातली की मुलीला कमी दुखत असे, म्हणून आई तिला तशीच कुशीत घेऊन बसत असे, आणि ज्या स्थितीत दुखत नाही त्याच स्थितीत भाजलेली कातडी आखडून बसते.

दिवाळीनंतर शाळेच्या गुरुजींनी तिला आमच्याकडे आणले, तेव्हा हनुवटी आणि छाती यांच्यात जेमतेम बोटभर अंतर उरले होते. खालचा ओठ खाली ओढला गेल्यामुळे तोंड मिटत नव्हते आणि लाळ गळत असे. उजवा हात खांद्याच्या पातळीपर्यंतही उचलत नव्हता. फळा पाहायचा तर ती दोन्ही हात मागे जमिनीवर टेकून सगळे अंगच मागे कलते करत असे. बसण्याच्या या तऱ्हेवरूनच गुरुजींच्या लक्षात आले होते की हे नुसते डाग नाहीत.

प्रश्न

मिरजेतल्या प्लास्टिक सर्जननी तपासून सांगितले ते थोडक्यात असे. आखडलेली कातडी कापून मान मोकळी करणे आणि तिथे मांडीची किंवा पोटाची कातडी लावणे, ही शस्त्रक्रिया नवी नाही आणि महाराष्ट्रात ती अनेक ठिकाणी होते. अवघड आहे ती भूल. मान मागे जात नाही आणि तोंड पुरते उघडत नाही, अशा लहान मुलाच्या श्वासनलिकेत नेहमीच्या पद्धतीने नळी घालता येत नाही. त्यासाठी लहान मुलांच्या मापाची लवचीक दुर्बीण आणि तिचा सराव असलेला भूलतज्ज्ञ लागतो. मिरजेत त्या वेळी ही जुळणी होण्यासारखी नव्हती, म्हणून त्यांनी पुण्यास किंवा मुंबईस जाण्याचा सल्ला दिला. व्रण पक्व होण्यासाठी एरवी वर्ष-दीड वर्ष थांबतात, पण वाढत्या मुलाचा जबडा आणि दात या ओढीने वाकडे होतात, त्यामुळे इथे थांबू नये, असेही त्यांनी बजावले.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी त्या दिवशी आमच्यापैकी कोणी फारशी मनावर घेतली नाही. शस्त्रक्रियेनंतर लावलेली कातडीही आकसते, आणि ती आकसू नये म्हणून वर्ष-दोन वर्षे पट्टा, दाबाचे कपडे आणि रोजचा व्यायाम लागतो. मूल वाढते तशी व्रणाची कातडी वाढत नाही, म्हणून अशा मुलांना मोठी होईपर्यंत पुन्हा एखादी शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा होता. कुटुंबाकडे केशरी रेशनकार्ड होते आणि भाजल्यानंतरच्या आखडण्यावरील शस्त्रक्रिया योजनेत बसत होती. योजनेची मर्यादा तेव्हा कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपये होती; पुढे ती 5 लाखांपर्यंत वाढली. मात्र योजनेतून शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातला मुक्काम भागतो. जतहून पुण्यामुंबईला महिनोन्‌महिने हेलपाटे घालण्याचा, तिथे राहण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च त्यात येत नाही.

दुसरा पर्याय धर्मादाय रुग्णालयाचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41अअ प्रमाणे आणि उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ठरवून दिलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या रकमेतील 2 टक्के वाटा वेगळा काढला जातो. पुण्यातील एका रुग्णालयाने कागद पाहून तयारी दाखवली, पण तारीख दोन वेळा पुढे गेली. दुसऱ्या वेळी कुटुंब रात्रीच्या एसटीने पुण्यात पोहोचल्यावर खाट रिकामी नसल्याचे कळले आणि वडिलांचा धीर तिथे सुटला. मुंबईचा पर्यायही खुला होता. नवी मुंबईत ऐरोलीला तर केवळ भाजलेल्या रुग्णांसाठीचे स्वतंत्र रुग्णालय आहे. तिथे चौकशी करायचे ठरले, आणि त्याच आठवड्यात परदेशाचा विषय निघाला.

गुरुजींचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत नोकरीला होता. गावच्या गटावर फिरलेले मुलीचे छायाचित्र त्याने पाहिले आणि ओळखीतून तिथल्या एका धर्मादाय बालरुग्णालयापर्यंत तो पोहोचला. अमेरिकेत अशा रुग्णालयांची परंपरा जुनी आहे. श्रायनर्स या संस्थेने 1922 पासून मुलांच्या अस्थिविकारांसाठी रुग्णालये उभारली, 1960 च्या दशकात भाजलेल्या मुलांसाठी वेगळी रुग्णालये काढली, आणि तिथे 18 वर्षांखालील मुलाचे उपचार कुटुंबाच्या ऐपतीवर अवलंबून ठेवले जात नाहीत. आमच्या मुलीला स्वीकारणाऱ्या रुग्णालयाची रीतही तशीच होती. चलच्चित्रे आणि छायाचित्रे पाहून त्यांनी होकार कळवला : शस्त्रक्रिया, पट्टे, दाबाचे कपडे, रोजची फिजिओथेरपी आणि सोबतच्या पालकाची राहण्याची सोय, सर्व मोफत, विमानाचे भाडे मात्र तुमचे.

एका बाजूला पुण्यात दोनदा हुकलेली तारीख, दुसऱ्या बाजूला एका पत्रात सगळे. कुटुंबाने कौल कुठे दिला हे वेगळे सांगायला नको. तरी इथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. परदेशी रुग्णालयाकडे असलेली आणि आपल्याकडे नसलेली अशी कोणती शस्त्रक्रिया या प्रस्तावात नव्हती. वरचढ होते ते शस्त्रक्रियेभोवतीचे सगळे : राहणे, पट्टे, व्यायाम, एकाच छपराखाली आणि एकाच माणसाच्या देखरेखीखाली. म्हणजे कुटुंब खरे तर पश्चात काळजीसाठी सातासमुद्रापार चालले होते, आणि त्या काळजीचा मोठा भाग परत आल्यावर जतमध्येच पार पडायचा होता. हा हिशेब तेव्हा कोणीच मांडला नाही.

मुलीला एकटीला पाठवावे का, हाही एक पर्याय होता. काही संस्था मुलांना पालकांशिवायच नेतात. जर्मनीत ओबरहाउजेन येथील फ्रीडेन्सडॉर्फ ही संस्था 1967 पासून युद्ध आणि आपत्तीच्या प्रदेशांतील जखमी मुलांना अशाच पद्धतीने उपचारासाठी आणते आणि बरी झाल्यावर घरी पोहोचवते. आमच्या प्रस्तावातही एक स्वयंसेविका सोबत करेल आणि एक मराठी कुटुंब मुलीला घरी ठेवेल, अशी तयारी होती. आईने ते एका वाक्यात संपवले. “पोरगी रात्री उठली तर कुणाला हाक मारंल?” असे तिने विचारले, आणि पुढे चर्चा झाली नाही. युद्धात सापडलेल्या देशात जी तडजोड समजण्यासारखी असते ती इथे करण्याचे कारण नव्हते, हे माझेही मत आहे.

डॉक्टरांचे पत्र

अमेरिकेच्या व्हिसासाठी इथल्या डॉक्टरांचे पत्र लागते. त्यात आजार कोणता आणि उपचार तिकडे का घ्यायचे हे लिहायचे असते. अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने पत्राचा मसुदाच पाठवला होता, आणि त्यात ‘हा उपचार भारतात उपलब्ध नाही’ असे वाक्य होते. मिरजेच्या सर्जननी ते लिहिण्यास साफ नकार दिला. त्यांनी लिहिले की हा उपचार भारतात उपलब्ध आहे. परंतु या मुलीची भूल जोखमीची आहे, शस्त्रक्रिया टप्प्याटप्प्याने कराव्या लागतील, आणि उपचार व पुनर्वसन एकत्र मिळण्याची सोय या कुटुंबाच्या आवाक्यात वेळेत झालेली नाही.

या पत्रावरून बरीच ओढाताण झाली. विद्यार्थ्याला वाटत होते की डॉक्टर अडून बसले आहेत. गुरुजींनी मध्यस्थी करून डॉक्टरांचेच पत्र पुढे पाठवले. पुढे मुलाखतीत अधिकाऱ्याने नेमके हेच विचारले, की मुंबईत चांगली रुग्णालये असताना अमेरिका कशासाठी, तेव्हा पत्रातलाच मजकूर आईने आपल्या शब्दांत सांगितला. खोटे वाक्य असते तर त्याच प्रश्नावर सगळे कोसळले असते.

कागदपत्रे

मुलीचा जन्म आईच्या माहेरी, कर्नाटकातील विजयपूर जिल्ह्यात झाला होता. नोंद झाली होती, पण नावाचा रकाना कोरा होता. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 च्या कलम 14 प्रमाणे असे नाव नंतर घालता येते. पहिल्या वर्षात फी नसते आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते होते. त्यासाठी वडील दोनदा तिकडे गेले. जन्मदाखल्यात आणि आधारकार्डावर आईच्या नावाची स्पेलिंगे वेगळी निघाली, ती जुळवण्यात आणखी दिवस गेले.

पासपोर्टचा अर्ज सांगलीच्या टपाल कार्यालयातील सेवा केंद्रात दिला. अल्पवयीन मुलासाठी दोन्ही पालकांचे संमतिपत्र जोडले, त्यात अडचण आली नाही. अडले ते आईवडिलांच्या पोलीस पडताळणीत. पोलीस जतच्या पत्त्यावर आले तेव्हा कुटुंब गुऱ्हाळावर होते आणि आजी लेकीकडे गेली होती. घराला कुलूप पाहून ‘दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा गेला. हंगामी कामावर जाणाऱ्या माणसाचा पत्ता कोणता, हा प्रश्न आपल्या बहुतेक कार्यालयांना दरवर्षी पडतो आणि दरवर्षी नव्यानेच पडतो. पोलीस पाटलांचा जबाब, रेशनकार्ड आणि मतदार यादीतील नाव जोडून पुन्हा अर्ज केला, तेव्हा तो शेरा निघाला.

पैशांचाही एक पेच होता. तिकडच्या महाराष्ट्र मंडळातील काही जणांना विमानभाड्याची रक्कम आमच्या संस्थेच्या खात्यात पाठवायची होती. विदेशी अंशदान कायद्याखाली आमची नोंदणी नाही, त्यामुळे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीकडून, मग ती मूळची सांगलीची का असेना, आम्हाला पैसे घेता येत नाहीत. भारतीय नागरिकत्व कायम ठेवलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्गे दिलेली देणगी मात्र यात मोडत नाही. हे समजावण्यात बराच पत्रव्यवहार झाला. शेवटी विमानाची तिकिटे मंडळातील लोकांनी परस्पर काढली आणि इथला खर्च इथल्या वर्गणीतून झाला.

मुलीचे छायाचित्र नाव-गावासह फिरले होते, त्याचाही त्रास झाला. आमच्याशी काडीचा संबंध नसलेला खाते क्रमांक त्याखाली घालून कोणीतरी ते पुढे ढकलले, आणि पैसे कुठे गेले असे विचारायला माणसे आजीच्या दारात येऊ लागली.

व्हिसा : नकार आणि होकार

पहिला अर्ज आई, वडील आणि मुलगी अशा तिघांचा केला. धाकट्याला आजीकडे ठेवायचे ठरले होते. वैद्यकीय कारणासाठी मुलाखतीची लवकरची तारीख मागता येते, ती मिळाली. बांद्रा-कुर्ला संकुलातील वकिलातीत तिघांनाही कलम 214(ब) खाली नकार मिळाला. या कलमाचा अर्थ एवढाच की अर्जदार परत येईल याची अधिकाऱ्याला खात्री पटली नाही. या नकारावर अपील नसते; नवा अर्ज करता येतो आणि फी पुन्हा भरावी लागते. ती तेव्हा माणशी 185 डॉलर होती.

आता काय, यावर आमच्या कार्यालयात झालेली बैठक या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची ठरली. वडिलांचे म्हणणे होते की आता पुरे, मुंबईला दाखवू. विद्यार्थ्याचे म्हणणे होते की पुन्हा तिघांचाच अर्ज करू, अधिकारी बदलला की निकाल बदलतो. आजी शेवटपर्यंत गप्प होती आणि मग म्हणाली, “धाकट्याला मी बघतो की. हा हितं राहू दे, ह्यो राहिला तर मालकाची उचलबी फिटंल. पोरीला घेऊन तिची आई जाऊ दे.” चौघांच्या घरातील तिघे निघाले होते, त्याऐवजी दोघी निघाल्या आणि नवरा व तान्हे मूल मागे राहिले, की परत येण्याचे कारण अर्जातच दिसते. हे व्हिसाच्या कायद्यातले मर्म आजीने उचलीच्या हिशेबातून गाठले होते.

दुसऱ्या अर्जात आजोबांच्या नावाचा सातबारा, रुग्णालयाचे खर्चाची हमी देणारे पत्र, परतीचा अंदाजे कालावधी आणि मिरजेच्या सर्जननी परत आल्यावर देखरेखीची तयारी दाखवणारे आणखी एक पत्र जोडले. या वेळी व्हिसा मिळाला. मुलीला आमच्याकडे आणल्यापासून इथवर जवळपास दहा महिने गेले होते.

त्या दहा महिन्यांत तिच्या खालच्या पुढच्या दातांची ओळ बाहेर झुकली. मान तरी मुंबईत मोकळी करून घेऊ, असा मुद्दा दोनदा निघाला होता आणि दोन्ही वेळा मागे पडला, कारण इथे शस्त्रक्रिया झाली तर तिकडचा होकार रद्द होईल आणि व्हिसाचे कारणच उरणार नाही, अशी सर्वांना धास्ती होती. रुग्णालयाला तसे स्पष्ट विचारले मात्र नव्हते.

तिकडचे पाच महिने

विमानतळावर प्रवेशाच्या वेळी सहा महिने राहण्याची मुभा मिळाली. राहण्याची मुदत तिथला अधिकारी ठरवतो. व्हिसावर छापलेली तारीख ती नव्हे, हे आईला आधीच समजावून ठेवले होते.

पहिल्या शस्त्रक्रियेत दुर्बिणीच्या साहाय्याने नळी घालून भूल दिली, मान मोकळी केली आणि जाड कातडीचे रोपण केले. काखेची शस्त्रक्रिया सात आठवड्यांनी झाली. मानेला मापाचा पट्टा, छातीला आणि हाताला दाबाचा अंगरखा, आणि झोपताना हात बाजूला उंच धरून ठेवणारी पट्टी, असे तिचे साहित्य होते. जखमेतून आणि नाकातून जंतू तपासणीसाठी नमुने घेऊन पहिले काही दिवस तिला वेगळे ठेवले होते, तेव्हा आई फार घाबरली. हे बाहेरून आलेल्या प्रत्येक रुग्णाला करतात, असे कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. बाकी तिचे दिवस चांगले गेले. मंडळातील बायका आळीपाळीने दुभाषाचे काम करत आणि ज्वारीचे पीठ पोहोचवत. निघताना मुलगी मान वर करून दिवा बघू शकत होती, ओठ मिटत होते आणि हात डोक्यापर्यंत जात होता.

परतल्यावर

ती परत आली मार्चअखेर. जतच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात दाबाचा अंगरखा दिवसाचे तेवीस तास घालायचा होता. मानेचा पट्टा आईने नेटाने लावला. हाताची पट्टी मात्र महिन्याभरात खुंटीला लागली, कारण एका खोलीत ओळीने झोपणाऱ्या माणसांत हात आडवा पसरून झोपायला जागाच नव्हती. अंगरख्याचा ताण साधारण तीन महिन्यांत सैल पडतो आणि मूलही वाढते; सोबत दिलेले दोन जोड पावसाळ्यापर्यंत निकामी झाले. अमेरिकेच्या डॉक्टरांशी रात्रीच्या व्हिडिओ भेटी ठरल्या होत्या, पण अर्ध्या वेळा रेंज नसे. मिरज तिथून ऐंशी-नव्वद किलोमीटर. पोरीला घेऊन एसटीने आईचा दिवस जाई. आणि दिवाळीनंतर उचल फेडण्यासाठी सगळे कुटुंब पुन्हा गुऱ्हाळावर गेले.

पुढच्या तपासणीत मान उत्तम होती, पण हात पुन्हा छातीच्या पातळीवर आला होता. काखेची दुसरी शस्त्रक्रिया मिरजेतच, योजनेतून, त्याच सर्जननी केली. मान मोकळी असल्यामुळे भुलीची अडचण उरली नव्हती आणि शस्त्रक्रिया साधी ठरली. या वेळी व्यायामाची व्यवस्था आधी लावली. मिरजेच्या फिजिओथेरपिस्टने गुरुजींना व्यायाम दाखवले आणि गुरुजींनी वर्गाच्या भिंतीवर खडूने रेघा मारल्या; मधल्या सुट्टीत मुलगी भिंतीवरून बोटे चढवत नेते आणि कोणत्या रेघेपर्यंत पोहोचली ते वहीत लिहिले जाते. त्या हंगामात मुलगी आणि आई जतलाच राहिल्या आणि उचलीचा उरलेला भाग वर्गणीतून फेडला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा मुद्दा मला मानेच्या शस्त्रक्रियेतील विलंबाचा वाटतो. परदेशी रुग्णालयाला एका ओळीत विचारले असते, की मान इथे मोकळी केली तर काखेसाठी आणि पुनर्वसनासाठी तुम्ही तिला घ्याल का, तर उत्तर हो किंवा नाही काहीही आले तरी निर्णय माहितीवर झाला असता. पुण्याची तारीख हुकली म्हणजे राज्यातला मार्ग संपला, असे आम्ही सर्वांनीच गृहीत धरले, पण ऐरोलीची चौकशी तर अर्धवटच राहिली होती. उलट बाजूही सांगायला हवी : रोपणानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात, आणि मुंबईत शस्त्रक्रिया करून पंधराव्या दिवशी ती गुऱ्हाळाच्या खोपटात परतली असती, तर मानही काखेच्याच वाटेने गेली असती. मान टिकली ती तिकडच्या पाच महिन्यांमुळे, असे सर्जनचेही मत आहे.

दुसरा मुद्दा उचलीचा. ती कोणत्याच अंदाजपत्रकात नव्हती, कारण तो वैद्यकीय खर्च नव्हता. विमानभाड्यासाठी जमलेल्या रकमेच्या मानाने ती थोडी होती, आणि निघण्यापूर्वी फेडली असती तर परतल्यावरचा पहिला हिवाळा मुलीने शाळेत आणि व्यायामात काढला असता. देणगीदार तिकिटासाठी पैसे देतात, कर्जासाठी देत नाहीत, हे खरे. पण त्यांना तसे समजावून सांगण्याचा प्रयत्नही झाला नव्हता.

दाबाचे कपडे आणि पट्ट्या इथे कोण शिवून देईल, किती दिवसांनी आणि किती रुपयांत, हे जाण्यापूर्वी लिहून ठरवायला हवे होते. सांगली-मिरजेत हे काम करणारी माणसे आहेत, ती आम्हाला दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी सापडली. झोपण्याच्या पट्टीऐवजी काखेत धरायची जाड गादी एका शिंप्याने करून दिली. तिला कमी जागा लागते आणि मुलगी ती घालते.

मुलगी आता दुसरीत आहे. दातांसाठी मिरजेच्या दंतवैद्यांकडे तिचे नाव नोंदवले आहे. अंग वाढण्याच्या वयात, दहा-बारा वर्षांच्या सुमारास, काखेत किंवा गळ्यावर पुन्हा एखादी लहान शस्त्रक्रिया लागेल असा अंदाज आहे. परदेशी रुग्णालयाने ती 18 वर्षांची होईपर्यंत तिला पुन्हा पाहण्याची तयारी कळवली आहे, तर मिरजेच्या सर्जनच्या मते आता तिकडे जाण्याचे वैद्यकीय कारण राहिलेले नाही. तिचा पासपोर्ट लहान मुलांच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांचाच आहे. मुदत संपल्यावर तो पुन्हा काढायचा का, यावर वडील नको म्हणतात आणि आई म्हणते की असू द्यावा. तो निर्णय त्यांनी अजून घेतलेला नाही.